काळीतली भेग

आमच्या नव्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला एक भेग आहे. होळीच्या सुमाराला ती केसाएवढी असते. मे महिन्यात तिच्यात नाणं उभं जातं. मृगाचे चार दणके पडले की महिना-दीड महिन्यात आपली आपण मिटते. आम्ही आधी पुट्टी भरून पाहिली, मग सिमेंट, शेवटी कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर तेवढं टिकलं.

चूक आमचीच. गावातलं घर पुरेना म्हणून वावराच्या धुऱ्यालगत स्लॅबचं घर बांधलं. मिस्त्री सांगत होता, मुरूम लागेस्तोवर खोदा. आम्ही चार फुटांवर पैसे वाचवले. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्या भेगांत काठी खुपसत तर आम्ही लहानाचे मोठे झालो! पण बांधकामाच्या वेळी आठवलं एकट्या आजीला. "काळी पेराले असते बाप्पा, राहाले नाही."

राहायला पांढरी. जुन्या लोकांच्या बोलण्यात वावर म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. ती जरा उंचावर, पाणी न साचणारी. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंती मुरून तयार झालेली. आमचं जुनं घर तिथलंच. दोन फुटी मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे शेणामातीनं लिंपलेला तुराटीचा कूड. पश्चिमेला कडुनिंब. तो कोणी लावला की आपसूक उगवला, घरात कोणालाच ठाऊक नाही, पण दुपार कलली की त्याची सावली नेमकी भिंतीवर येते. पारा ४५ च्या वर गेला तरी माजघरात माठ आणि आजी, दोघंही थंड. (दरसाल पावसाआधी कवेलू फेरायला माणूस शोधावा लागतो, आणि वांदरं ते पुन्हा फोडतात. त्या वेळी मला स्लॅबच आवडतो.)

सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. घराला ५०० रुपयांवर खर्च नको आणि सामान आसपासचंच हवं, ही त्यांची अट. म्हणजे माती, बांबू, कवेलू. बापूकुटीत लोक मीराबेननी भिंतीवर उठवलेली खजुरीची झाडं, मोर बघतात. मी खाली वाकून जोतं बघतो. मागच्या खेपेला एका बाईंनी काळजीनं विचारलं, "काही पडलं का भाऊ?"

पडलं होतं, पण घरी. लेकीनं उन्हाळ्यात भेगेत दोन रुपये सरकवले, ते आत घसरले. पोळ्याला तिनं कॅलेंडर बाजूला करून पाहिलं, तर भिंत गच्च.

"आता?"

"मे महिन्यात बघू," मी म्हटलं.