चुकता आणि चुकला

मराठीत कर्ज फेडले की ते ‘चुकते’ होते आणि हप्ता भरायचा राहिला की तो ‘चुकतो’. एकाच शब्दाने ही दोन उलट कामे कशी पत्करली ते व्याकरणकार सांगतील. मला या दोहोंतले अंतर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी चहा घेताना कळले. ते ५९० रुपयांचे आहे. गाडीच्या कर्जाचा हप्ता उशिरा मिळाल्याबद्दल ५०० रुपये विलंब शुल्क आणि त्यावर ९० रुपये जीएसटी आकारण्यात आल्याचा संदेश त्या वेळी मोबाइलवर येऊन पडला होता.

माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून परस्पर वळता होतो. त्या महिन्यात पाच तारखेला रविवार होता. पूर्वी अशा वेळी हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी जात असे. परंतु १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नॅच’ ही वसुलीची यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालू असते आणि त्यामुळे पैसे रविवारीच वळते झाले होते. बँकेच्या उताऱ्यात तशी नोंद होती. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेच्या वहीत मात्र तीच रक्कम मंगळवारी, सात तारखेला, जमा दिसत होती. मधले दोन दिवस माझे पैसे कोठे मुक्कामाला होते, याचा खुलासा मला शेवटपर्यंत मिळाला नाही. माझा तर्क असा की, रविवार पाळण्याची जुनी सवय त्यांच्या संगणकाला अजून सुटली नसावी.

ग्राहक सेवेला फोन लावला. मराठीसाठीचे बटण दाबून, बराच वेळ सनईसारखे काहीतरी ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली. तिचा सूर अतिशय अदबशीर होता.

“सर, आमच्या सिस्टीममध्ये सात तारीख दाखवतंय.”

“अहो, पण माझ्या बँकेत पाच तारीख दाखवतंय.”

“ती तुमची सिस्टीम झाली ना सर.”

या उत्तरावर मला राग यायला हवा होता, पण हसू आले. तिच्यासमोर एकच पडदा होता आणि त्या पडद्यावर मी थकबाकीदार होतो. त्यापलीकडचे पाहण्याची सोय तिला कोणी दिलेलीच नव्हती.

आमच्या वडिलांकडे स्वयंपाकघराच्या दारामागे एक तार टांगलेली असे. वीजबिल, घरपट्टी, सोसायटीच्या हप्त्याची पावती, जे काही भरले जाई त्याचा कागद ते त्या तारेत ओवून ठेवत, आणि कोणी ‘तुमच्याकडून येणे राहिले आहे’ म्हणाले की उत्तर न देता ती तारच काढून त्याच्यासमोर धरत. मला लहानपणी त्या तारेची थोडी लाज वाटे, कारण तिच्यावरचे खालचे कागद तेलकट, पिवळे पडलेले असत. त्या दिवशी मी बँकेचा उतारा उतरवून घेतला, त्यातला व्यवहार क्रमांक पिवळ्या शाईने रंगवला आणि तक्रारीच्या ईमेलला जोडला, तेव्हा आपणही तारच ओवत आहोत हे लक्षात आले.

ईमेल लिहिण्यापूर्वी थोडे वाचन केले आणि तेथे माझी बाजू अनपेक्षितपणे भक्कम झाली. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, असा दंड कर्जदाराला शिस्त लागावी म्हणून असतो, सावकाराने त्यातून उत्पन्न वाढवायचे नसते. शिवाय वित्तसंस्थांच्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही, हा खुलासाही जानेवारी २०२५ मध्ये झालेला होता. म्हणजे दंड खरा असता तरी ते ९० रुपये खोटेच होते. चुकीवर कर लावण्याची ही कल्पकता पाहून मी काही क्षण त्यांच्याकडे कौतुकानेच पाहू लागलो. ईमेलच्या शेवटी एवढेच लिहिले की, ३० दिवसांत समाधान न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. त्या तक्रारीला शुल्क पडत नाही, हे मात्र लिहिले नाही, कारण ते त्यांना ठाऊक असणारच.

नवव्या दिवशी उत्तर आले. ‘आपल्याशी असलेले दीर्घ संबंध लक्षात घेऊन, सदिच्छा म्हणून, सदर शुल्क एक वेळ माफ करण्यात येत आहे.’ घरातल्यांना वाटले, संपले. मला तो ‘माफ’ शब्द बोचत राहिला. माफी गुन्ह्याला मिळते; मी तर गुन्हाच केला नव्हता. हा केवळ मानापमानाचा प्रश्नही नव्हता. शुल्क माफ झाले तरी हप्ता दोन दिवस उशिरा आल्याची नोंद तशीच राहिली असती, आणि पुढे कधी घरासाठी कर्ज मागायला गेलो तर कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात त्या महिन्याच्या चौकटीत ती डोके वर काढील, अशी मला धास्ती होती. तेथे किती दिवस उशीर झाला ते मांडतात आणि वेळेवर भरणाऱ्यापुढे तीन शून्ये असतात. आयुष्यात इतक्या आग्रहाने शून्य मागण्याची माझी ही पहिलीच वेळ.

पुन्हा लिहिले: ‘माफी नको, दुरुस्ती हवी. हप्ता पाच तारखेला जमा झाल्याची नोंद करून शुल्क रद्द करावे.’ या वेळी उत्तरात सदिच्छा नव्हती, दिलगिरीही नव्हती. ‘तारीख सुधारण्यात आली आहे’ एवढे एकच वाक्य होते, आणि मला ते पहिल्या पत्रापेक्षा कितीतरी सभ्य वाटले.

५०० रुपये त्याच आठवड्यात कर्जखात्यात उलट जमा झाले. ९० रुपयांना आणखी अकरा दिवस लागले. शुल्क लावताना आला होता तसा संदेश या दोन्ही वेळी आला नाही. उतारा उघडून पाहिला म्हणून कळले. डिसेंबरात सिबिलचा अहवाल काढला. ऑक्टोबरच्या चौकटीत तीन शून्ये होती. तो कागद छापून घेतला आणि आता घरात तार कोठे टांगावी, यावर आमचे एकमत व्हायचे आहे.