भाजीतला दोरा

मोठी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. ताटात मेथीची परतलेली भाजी आणि भाकरी. एक घास तोंडात गेला आणि ती बराच वेळ नुसती चावत बसली. मग दोन बोटं तोंडात घालून तिनं एक लांब हिरवी तार बाहेर ओढली, ताटाच्या कडेला नीट ठेवली आणि मला म्हणाली, "बाबा, दोरा."

तोवर मी धरून चाललो होतो की तिला मेथी कडू लागते. लागत असेलही, लहान मुलांच्या जिभेला कडवटपणा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. पण त्या दिवशी तिची तक्रार चवीबद्दल नव्हतीच. मी सोलापूरला आईला फोन लावला. तिनं पहिलं हेच विचारलं, "देठासकट चिरलीस व्हय? अरे, पोरांना नुसती पानं घालायची. आणि बारीक चिर, कोथिंबिरीसारखी."

तेव्हापासून आमच्याकडे पालेभाजी निवडायला वेळ लागतो आणि तो मी देतो. कोवळी जुडी घ्यायची, मेथीची पानं खुडून घ्यायची, जाड देठ आमटीत टाकायचे. धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी हातानं वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं की खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. एकदा दाताखाली खर लागली की मूल ती भाजी महिनाभर विसरत नाही, म्हणून तीन पाणी तरी करायचीच.

त्याआधी मी लपवाछपवीही करून पाहिली होती. पालक मिक्सरमध्ये फिरवून पोळीच्या कणकेत मळला आणि काहीच सांगितलं नाही. तिनं ओट्यावर हिरवं माखलेलं मिक्सरचं झाकण पाहिलं. पुढे चार-पाच दिवस ती साधी पोळीसुद्धा उलटीपालटी करून, तपासून खायची. तिचा माझ्या हातच्या जेवणावरचा विश्वास मी घालवला होता, याचं मला फार वाईट वाटलं. आता पालक कणकेत घातला तर तो तिच्यासमोरच घालतो आणि त्याला पालकच म्हणतो.

तिला वळवलं ते लाल माठानं. तेलात ठेचलेला लसूण, त्यावर बारीक चिरलेला माठ, मीठ, थोडं पाणी. तो शिजताना जो गुलाबी रस सुटतो तो आटवायचा नाही. वाटीत गरम भात घ्यायचा आणि पळीभर रस तिच्या हातानंच वर घालायला लावायचा. पांढरा भात डोळ्यांदेखत गुलाबी होतो. पहिल्या दिवशी तिनं फक्त रंगलेला भात खाल्ला, पानं बाजूला सारली. मी काही बोललो नाही. नवी चव अंगवळणी पडायला मुलांना ती दहा-पंधरा वेळा चाखावी लागू शकते, आणि आपण बहुधा तिसऱ्या वेळीच "हिला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो. पाच-सहा वेळा माठ झाल्यावर पानंही पोटात जायला लागली.

शेपूच्या वासाला मोठी माणसंही नाक मुरडतात, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त संपतात ती शेपूची फळं. एक जुडी शेपू अगदी बारीक चिरायची. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, मूठभर कणीक, लसूण आणि जिरं वाटून, हळद, मीठ, चमचाभर तेल. गरम पाण्यानं मळायचं, मऊ पण हाताला न चिकटणारं. लिंबाएवढे गोळे करून जरा चपटे करायचे आणि मधोमध अंगठा दाबायचा. हे अंगठ्याचं काम दोन वर्षांच्या धाकट्याचं. तेल लावलेल्या चाळणीत पंधरा मिनिटं वाफवायचे, सुरी घालून ती कोरडी निघाली की झाले. मोठ्यांसाठी वर मोहरी, तीळ आणि हिरव्या मिरचीची फोडणी, मुलांना नुसतेच. अंगठ्याच्या खळग्यात तूप बरोबर मावतं. धाकटा आपलं फळ ओळखतो, त्याचा खळगा अगदी लहान असतो, आणि दुसऱ्या कोणाला तो देत नाही.

ताकातला पालक मात्र जपून करावा लागतो. पालक आणि हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून घोटायची, ताकात बेसन कालवून त्यात ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. खळखळून उकळलं की ताक फाटतं. आई यात अख्खे शेंगदाणे घालते. लहान मुलाच्या घशात ते अडकू शकतात, म्हणून मी कूट घालतो.

पालकाचा रंग काळपट झाला की मोठी ताट सरकवते. म्हणून हिरवी धिरडी करायची असतील तर पालक उघड्या पातेल्यात दोनच मिनिटं उकळून लगेच गार पाण्यात टाकतो. हिरवा रंग टिकवायला काही जण सोडा घालतात. मी घालत नाही, त्यानं जीवनसत्त्वं जातात. आंबटानं हिरवा रंग मरतो, पण लिंबू सोडायचं नाही. पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं ते जास्त शोषलं जातं. धिरडं ताटात आलं की मग वर पिळायचं, तोवर रंग बघून झालेला असतो. लिंबू पिळायचं काम मोठीचं.

अंबाडी अजून जमलेली नाही. दोनदा केली, दोन्ही वेळा पोरांनी आंबट तोंडं केली. आई म्हणते तांदळाच्या कण्या वाढव आणि गूळ घाल. रविवारच्या बाजारातून जुडी आणली आहे, निवडायला दोघंही माझ्याशेजारी बसली आहेत.