ख्रिस्ती क्रमाने: मुक्काम 'द हॉलो'

अगाथा ख्रिस्तीच्या 66 रहस्यकादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने वाचतोय. सध्या 1946 पर्यंत पोचलोय.

विसाच्या दशकातला माल फार खालीवर आहे. पहिल्याच कादंबरीत, 'स्टाइल्स'मध्ये, स्ट्रिक्निन हे विष हाताळलंय ते इतकं सफाईने, की बाई महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं बनवत होत्या हे लगेच पटतं. 'रॉजर ॲक्रॉइड'वर (1926) गप्प बसतो, न वाचलेल्यांचा शेवट कशाला नासवू! पण पुढच्याच वर्षी 'द बिग फोर'. आधी छापून आलेल्या कथा जोडून केलेली कादंबरी, टाके स्पष्ट दिसतात. जग ताब्यात घेऊ पाहणारी चौकडी आणि तिच्यामागे धावणारा पॉयरो, ख्रिस्तीचा लाडका गुप्तहेर! ख्रिस्तीची आई गेलेली, संसार मोडायला आलेला, अशा दिवसांतलं हे पुस्तक. ते ठाऊक असूनही रेटूनच संपवलं. 'ब्लू ट्रेन' तर खुद्द ख्रिस्तीलाच आवडत नसे.

आतापर्यंतची सर्वांत लाडकी 'फाइव्ह लिटल पिग्ज'. सोळा वर्षांपूर्वी चित्रकार ॲमियस क्रेलवर विषप्रयोग झाला, बायको कॅरोलाइन दोषी ठरली, तुरुंगातच वारली. आता मुलगी पॉयरोकडे आली आहे. ठसे नाहीत, प्रेत नाही. आहेत फक्त पाच जणांच्या आठवणी. कॅरोलाइन एकाच्या तोंडून मत्सरी, दुसऱ्याच्या तोंडून सोशिक. खुनी कोण यापेक्षा ही बाई होती कशी, याचीच ओढ लागते. शेवट कळल्यावर पाचही जबान्या पुन्हा वाचल्या. सगळं समोरच ठेवलेलं होतं.

'द हॉलो'ने मात्र पेचात टाकलं. हेन्रिएटा ही शिल्पकार आणि विसरभोळ्या लेडी अँकाटेल या दोघींसाठी पुस्तक घ्यावं, इतक्या जिवंत. तलावाकाठच्या खुनाशी पॉयरो येतो आणि उपरा वाटतो. ख्रिस्तीचंही मत तेच: पॉयरोमुळे कादंबरी बिघडली. याच कादंबरीवरच्या 1951 च्या नाटकातून तिने त्याला काढूनच टाकलं. पुढे 'पिग्ज'च्या नाटकातूनही काढलं, ते मला पटत नाही. तिथे तो ऐकण्याचं काम करतो, आणि ते त्याच्याइतकं चांगलं कोण करणार?

पुढे 1949 ची 'क्रुकेड हाउस' येतेय. ही आणि 'ऑर्डील बाय इनोसन्स' (1958) या तिच्या स्वतःच्या आवडत्या. दोन्हींत पॉयरो नाही, तिची दुसरी गुप्तहेर मिस मार्पलही नाही. क्रम मोडून दोन्ही लागोपाठ वाचाव्यात का? मन तिकडेच झुकतंय.