भावाचं प्लास्टिक आणि पत्र्याचा घाम

पुण्याच्या धायरीत घर बांधायला काढलं आणि टोरांटोहून धाकट्याचे फोन सुरू झाले. "दादा, छताला व्हेपर बॅरिअर टाकतोयस ना?" म्हणजे वाफ अडवणारा थर. त्याच्याकडे सीलिंगच्या जिप्सम बोर्डाच्या वर, इन्सुलेशनच्या उबदार अंगाला ०.१५ मिलिमीटरचं पॉलिथिन असतं. हिवाळ्यात बाहेर उणे १५, घरात २०. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ छतात शिरून थंड लाकडावर पाणी होऊन बसू नये, म्हणून.

मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "साहेब, रेनकोट काय शर्टाच्या आतून घालतात?"

आर्किटेक्ट मॅडमनी वाद घातलाच नाही. प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन स्लॅबला खालून, चारी कडांनी टेप मारून चिकटवायला लावला. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून बघतो तर प्लास्टिकच्या आतून दवासारखे थेंब! वर कोबा करून चाचणीसाठी नुकतंच पाणी तुंबवलं होतं, काँक्रीटची स्वतःची ओल होतीच. वरून वॉटरप्रूफिंग, खालून प्लास्टिक, मग ही ओल जाणार कुठून? फॉल्स सीलिंगच्या पोटात बुरशी धरली असती. शिवाय आपल्याकडे थंडी ती केवढी. पहाटे १० अंशांवर आलं की आपण कानटोपी शोधतो, आणि खिडक्या तरीही उघड्याच. आपल्याला भीती वरून येणाऱ्या पाण्याची. तेव्हा प्लास्टिक रद्द. पैसे गेले गच्चीच्या उतारात, पॅरापेटच्या कडेच्या गोलाईत आणि पन्हाळीच्या तोंडाशी.

भावाला हे ऐकवून मी जरा मिरवलोही. मग जानेवारी आला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पाहुणे झोपले होते, सकाळी पांघरुणं ओली. पत्रा गळतो म्हणावं तर पाऊस कुठाय? निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो; बंद खोलीत चार माणसांचे श्वास, त्याचंच पाणी.

पत्र्याखाली फॉइल लावलेला फोम बसवून घेतला, सांध्यांवर टेप. उबदार दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोचलीच नाही तर थेंब कशाचे? म्हणजे भावाचंच तत्त्व. फोनवर कबूल केलं, तेव्हा तो जरा जास्तच हसला.

कोपऱ्यातल्या एका सांध्याला टेप मारायची राहिलीय. थंडीत तिथून थेंब पडतो, नेमका त्याच्या जुन्या ट्रंकेवर.