वळू एकाचा, वासरं पाड्याची

माझा जनावरांचा दवाखाना शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर एक बाबा वाहतुकीचा आरोग्य दाखला मागायला आले. वळू घोटीच्या बाजारात न्यायचा होता. जनावर पाहिल्याशिवाय मी दाखला देत नाही, म्हणून पाड्यावर गेलो.

काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, ऐन उमेदीतला, डांगी या देशी जातीचा वळू. कातडीवरून हात फिरवला की तेलकटपणा बोटांना लागतो. या तेलामुळे आणि टणक काळ्या खुरांमुळे ही गुरं आपल्या डोंगरातल्या पावसात चिखलणीला उभी राहतात. त्याच पावसात संकरित गाई कशा आजारी पडतात, ते मी दर वर्षी पाहतो. पाड्यात डांगी वळू हा एवढाच होता.

"बाबा, का विकताय?"

"डाक्तर, वैरण मी घालायची आन् वासरं आख्ख्या पाड्याची. पेंढा सरला. इकत कुठवर आणू?"

मी गप्प झालो, कारण हिशेब चोख होता. चिखलणीला आता पॉवर टिलर भाड्याने मिळतो, बैलाला पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही. डांगी गाय दूधही बेताचंच देते. बाजार दुधाला आणि ओढीला पैसे मोजतो. पाऊस सोसण्याच्या गुणाला मोजत नाही. खर्च एकाच्या दारात आणि फायदा सगळ्यांच्या, मग तो एक माणूस विकणारच. त्याला जातीचं महत्त्व सांगत बसणं मला अन्यायाचं वाटतं.

दाखला लिहिण्याआधी मी पाड्यातल्या गाईवाल्यांना बोलावलं. सगळे भात लावणारे, म्हणून भाताचीच गोष्ट सांगितली. ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूरोगाने आशियातली भातं खुजी राहू लागली, तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भातात. बाजारात त्याला कुणी दमडी दिली नसती. त्याचा गुण 1976 मध्ये आलेल्या आयआर 36 या वाणात उतरला आणि तो वाण लाखो हेक्टरवर पिकला. "त्ये भात कुणी जपलं नसतं तर?" एका बाईंनी विचारलं. तेच तर मला सांगायचं होतं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की ज्याची डांगी गाय, त्याने गाईमागे पेंढ्याचा वाटा बाबांच्या गोठ्यात टाकायचा. दाखला लिहायची गरज उरली नाही. एकाने मात्र साफ नाही म्हटलं. त्याच्याकडे जर्सी संकरित गाय, तिला कृत्रिम रेतन आम्हीच करतो. त्याला या वळूचा आज काय उपयोग? त्याचं म्हणणं मी खोडू शकलो नाही.

पण सगळा भार पाड्याने तरी का उचलावा? कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत देशी जातींच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या उणे 196 अंश सेल्सियसवर राहतात. ते हवंच, पण पावसात टिकणारी वासरं निवडून वाढवण्याचं काम गोठ्यातच होतं. युरोपीय संघातले देश दुर्मिळ देशी जाती सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला जनावरामागे अनुदान देतात. आपल्याकडे जातिसंवर्धनाचे पुरस्कार आहेत. पुरस्कार एखाद्यालाच मिळतो आणि वळू रोज खातो. त्या संध्याकाळी मी वरिष्ठांना पत्र लिहिलं: पाड्यातल्या पैदाशीच्या डांगी वळूला वर्षभराचा वैरणखर्च मिळावा. सोबत गाईवाल्यांच्या सह्या आणि अंगठे जोडले. जर्सीवाल्यानेही सही केली.