नाही म्हणणारा साहेब

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत की-मन होते, रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज चालत तपासणारे. केमच्या बाजूला गँग क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं, मग बदली होऊन सोलापूरला रामवाडीत आलो. सकाळी अण्णा निघायचे तेव्हा खांद्यावर हातोडा आणि पान्हा, पिशवीत चार-पाच जादा चाव्या, लाल-हिरव्या झेंड्या आणि पत्र्याच्या गोल डबीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रूळ तुटलेला दिसला की पुढे जाऊन ते रुळावर बांधायचे, इंजिन त्यांवर चढलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. नोकरीत अण्णांना ते दोनदा वापरावे लागले, दोन्ही वेळा डिसेंबरच्या पहाटे. थंडीत रूळ आखडतो आणि वेल्डिंगच्या जागी तडकतो. उन्हाळ्यात उलट, फुगून वाकडा होतो.

चावी घट्ट आहे की ढिली, हे अण्णा न वाकता सांगायचे. हातोडा हलका टेकवला की घट्ट चावी टण्ण वाजते, ढिली असेल तर भद्द. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, चाव्या जाऊन क्लिपा आल्या, पण म्हातारपणीही त्यांची घरातल्या खिडक्यांच्या कड्यांवर बोटाने टकटक करायची सवय गेली नाही. आई वैतागायची.

तर या अण्णांना आयुष्यात भीती एकाच माणसाची. पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे साहेब, रोजचे, त्यांच्याशी तंबाखूची देवघेव. डीआरएम, म्हणजे अख्ख्या रेल्वे विभागाचे मोठे साहेब, वर्षाकाठी एकदा खास गाडीतून भुर्रकन जाणार. पण ‘सीआरएस येणार’ म्हटलं की आठ दिवस आधीपासून गँगला झोप नसायची. सीआरएस म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त. नवी लाईन पडली, दुहेरीकरण झालं की हा साहेब मोटार ट्रॉलीवरून येतो, मध्येच उतरतो, गेज लावून रुळांतलं अंतर बघतो, १६७६ मिलिमीटर. खडी पुरेशी खोल आहे का ते उकरून बघायला लावतो. शेवटी त्या लाईनवरून जोरात इंजिन पळवून बघतात. ‘अमुक तारखेला लाईनीजवळ फिरकू नये’ अशी पेपरात जी चौकट येते ती याचीच.

लहानपणी मला वाटायचं हा रेल्वेतलाच कुणीतरी बडा साहेब. अण्णांनाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. मी एका चादर कारखान्यात हिशोब लिहिते आणि ऑडिटची सवय असल्याने कुणाची सही कुणाच्या वर, हे बघायचा नाद आहे. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येतच नाही. तो येतो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली! १९४१ साली, इंग्रजांच्या काळात, रेल्वेची तपासणी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून टपाल आणि हवाई खात्याकडे दिले. कारण सरळ होतं: जो गाडी चालवतो त्यानेच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सही करायची नाही. १९६१ पासून नाव बदललं, व्यवस्था तीच राहिली. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही तेच आहे, आयुक्ताने पाहून लोकांच्या जिवाला धोका नाही असं लिहून दिल्याशिवाय नवी लाईन प्रवाशांना खुली होत नाही.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या साहेबांचा तो साहेब नव्हता. म्हणूनच आमचे साहेब घाबरायचे.”

ही व्यवस्था अगदी सोवळी आहे असं मी म्हणणार नाही. आयुक्त म्हणून येणारे अधिकारी बहुतेक रेल्वेतूनच आलेले असतात. शिवाय मोठा अपघात झाला की चौकशी तेच करतात, पण त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही हे रेल्वेच ठरवते. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात तीन गाड्या एकमेकींवर गेल्या, २९० च्या वर माणसं गेली. दोषाचं मूळ सिग्नलच्या वायरिंगमध्ये पूर्वी केलेल्या बदलांत आणि फाटकाच्या कामात निघालं. सरकारने हे अधिकृतपणे सांगितलं ते राज्यसभेतल्या एका लेखी उत्तरातून. मला वाटतं असे अहवाल आपसूक लोकांसमोर यायला हवेत, कुणी खासदाराने प्रश्न विचारायची वाट कशाला बघायची? पण ते असो. निदान गाडी सोडण्याआधी ‘नाही’ म्हणायचा अधिकार असलेला एक बाहेरचा माणूस आहे, एवढं तरी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. रुळाला असा माणूस आहे, रुपयाला नाही.

आमचा मामा तामलवाडीच्या पुढे शेती करतो. ९ जानेवारी २०१९ ला, गड्ड्याची यात्रा तोंडावर असताना, पंतप्रधानांनी सोलापुरात सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद रेल्वे मंजूर झाल्याचं जाहीर केलं. ८४ किलोमीटरची लाईन, खर्च तेव्हा ९०४ कोटींच्या घरात. मामाने त्या दिवशी पेढे वाटले. मामीला आई भवानीला रेल्वेने जायचं होतं, एसटीत तिला मळमळतं. आता उस्मानाबादचं धाराशिव झालं, खर्च तीन हजार कोटींच्या वर गेला आणि मामी अजून एसटीनेच जाते. निम्मा खर्च राज्याने उचलायचा असं ठरलंय, त्यामुळे राज्याचा वाटा तेव्हाच्या पूर्ण प्रकल्पाच्या खर्चापेक्षाही जास्त झालाय. जमिनीचे भाव वाढले, मोबदला वाढला, सगळी कारणं खरी आहेत. पण मी हिशोबनीस आहे. आमच्या कारखान्यात सुताचं बिल तिप्पट झालं तर मालक सही करायच्या आधी दहा प्रश्न विचारतो. इथे ते कोण विचारतं?

सरकारी हिशोब तपासणारं कॅग विचारतं, पण पैसे गेल्यावर. अहवाल संसदेत मांडला जातो, लोकलेखा समितीपुढे जातो. मी त्यांतले काही वाचलेत, भाषा कोरडी पण माणसं कामाची आहेत. रेल्वेची संसदेची स्थायी समिती आहे, ती अनुदानाच्या मागण्या तपासते आणि शिफारशी करते. शिफारशी. यांतल्या कुणाला ट्रॉली थांबवून ‘इथे उकरा’ म्हणता येत नाही.

पूर्वी निदान रेल्वे बजेटचा एक दिवस असायचा. अण्णा दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसायचे आणि मथळा ठरलेला, ‘यंदाही सोलापूरच्या तोंडाला पाने पुसली’. शिव्या घालायला का होईना, एक तारीख होती. १९२४ पासून वेगळं मांडलं जाणारं ते बजेट २०१६ नंतर बंद झालं आणि मुख्य अर्थसंकल्पात मिसळलं. आता पिंक बुक, म्हणजे कुठल्या रेल्वेकामाला किती पैसे ते सांगणारी यादी, उघडून आपली लाईन शोधायची. त्यातले आकडे हजार रुपयांत असतात, आणि काही कामांपुढे नुसता ‘१’ दिसतो. म्हणजे अख्ख्या लाईनला वर्षाला हजार रुपये. काम मेलेलं नाही एवढं दाखवायला. आमच्या चादरीचा एक बरा जोड येत नाही त्यात.

उलट उदाहरणही घरातलंच आहे. दौंड-सोलापूर लाईन एकेरी होती तेव्हा क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, जेऊरला, पारेवाडीला गाडी किती वेळ उभी राहायची हे जुन्या सोलापूरकरांना सांगायला नको. दुहेरीकरणाला वर्षानुवर्षं लागली, पण २०२२ मध्ये शेवटचा तुकडाही झाला. या कामाला आशियाई विकास बँकेचं कर्ज होतं. बँकेला हप्त्या-हप्त्याला काम दाखवावं लागतं. मला वाटतं तिथेही बाहेरच्या माणसाचा थोडा धाक होताच.

गेल्या दिवाळीत अण्णांना घेऊन मामाकडे गेले. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत चालतात. वाटेत एके ठिकाणी लाईनीसाठी मातीचा भराव टाकलेला दिसला. “गाडी थांबव.” मी म्हटलं, अण्णा, उशीर होतोय. ऐकतात कुठले! खाली उतरले, बांधावरून हळूहळू गेले, मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि अंगठ्याने फोडला. मग काठीने भरावाच्या कडेला दोन-तीनदा ठोकलं. भद्द.

“एक पावसाळा जाऊ द्यायला पाहिजे,” म्हणाले, आणि हात धोतराला पुसत परत गाडीत येऊन बसले.