कुंती फुलत नाही म्हणता?

"तुमच्या खिडकीतली कुंती एवढी फुलते, मग खाली कंपाउंडला लावलेली का फुलत नाही?" पावसाळा लागला की लिफ्टमध्ये कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कुंती म्हणजे पांढऱ्या, सुवासिक फुलांचं झुडूप. खालच्या कुंतीला सारखी कात्री लागते, हे खरं कारण. तिच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना येतात आणि मुंबईतल्या सोसायट्यांना कुंपण कसं चौकोनी, गुळगुळीत लागतं. माळीदादा शेंडे उडवतात, त्यात कळ्याही जातात. त्यांना काय बोलणार, कमिटीलाच तसं हवं असतं. छाटायचंच तर मोठा बहर ओसरल्यावर एकदा छाटा आणि मग तिच्या वाटेला जाऊ नका.

ऊन चार-पाच तास तरी हवं. ओल तिला आवडते, पण मुळं पाण्यात बसली की पानं पिवळी पडून गळतात. म्हणून माती भुसभुशीत, शेणखत घातलेली. कुंडीखाली ताटली मी ठेवतच नाही. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात ते वेगळंच. मे महिन्यात पाण्याला जरा हात आखडता घ्यायचा. चांगला पाऊस झाला की काही दिवसांत झाड पांढरं होतं. पाच पाकळ्यांची फुलं एक-दोन दिवसांत गळतात, पण तेवढ्यात संध्याकाळपासून घरभर वास. सकाळी मधमाश्या, रात्री पतंग.

आता दुसरा प्रश्न, जो जास्त काळजीने विचारला जातो: "पानं कुणीतरी खातंय, काय फवारू?" काही फवारू नका! कुंती लिंबाच्या कुळातली. पान चुरगळून बघा, वासावरून कळेल. लिंबावर, कढीपत्त्यावर अंडी घालणारी कॉमन मॉर्मनसारखी फुलपाखरं तिच्यावरही घालतात. अळी लहान असते तेव्हा पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते. मीही सुरुवातीला बोटाने झटकायला गेले होते. मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं बाहेर येतं आणि एक उग्र वास सुटतो. मग ती फांदीला रेशमाचा करगोटा बांधून कोश करते.

रोप लहान असेल तर अळ्या त्याला बोडकं करू शकतात, तेव्हा एक-दोन ठेवून बाकीच्या शेजारच्या कढीपत्त्यावर सोडाव्यात. मोठ्या झाडाला पानं पुन्हा फुटतात. मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) झालाच तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. कडुलिंबाचं तेल मारायचं तर अळ्या नाहीत ना, हे पानं उलटून पाहिल्याशिवाय मारू नका.

रोप हवं असेल तर माझ्याकडून फांदी न्या. बियांचंही रोप होतं, पण फुलांसाठी जास्त थांबावं लागतं, आणि लाल फळं बहुतेक बुलबुलच संपवतात.